फक्त तिचीच वस्तू

पुढच्या मे महिन्यात मी निवृत्त होईन. शाळेत सत्कार होईल, शाल देतील आणि कुणीतरी उठून सांगेल की बाईंनी कोरडं व्याकरण कधी शिकवलं नाही, वस्तू हातात देऊन शिकवलं. हे वाक्य मी कितीतरी वर्षं ऐकते आहे आणि एके काळी ते मला फार आवडायचं. आता ते कानावर पडलं की उठून बाहेर जावंसं वाटतं. का, ते एकदा नीट लिहून काढायचं आहे. ज्या एका मुलीला ते सांगायला हवं तिला मी अजून सांगू शकलेले नाही, म्हणून निदान कागदावर तरी.

माझी शाळा मलकापूरच्या रस्त्यावरच्या एका गावात आहे. मी राहते कोल्हापुरात. सकाळी एसटी, परतताना बहुतेक वेळा वडाप. त्या जीपमध्ये दहा माणसांच्या जागेत सोळा बसतात आणि त्यांतली निम्मी माझे जुने विद्यार्थी नाहीतर त्यांचे आईबाप असतात. कुणीतरी सरकून जागा देतं, 'बसा बाई' म्हणतं. इतकी वर्षं या गावानं मला बसायला जागा दिली आहे, हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच विश्वासावर घडलं.

इंग्रजीत एखादी वस्तू कुणाची हे सांगायचं तर नावाच्या शेवटी वरच्या बाजूला एक छोटा स्वल्पविराम आणि त्याच्यापुढे एस. अनेकांची असेल आणि नावात एस आधीच असेल, तर नुसता स्वल्पविराम, तोही सगळ्यांत शेवटी. मराठीत आपण चा-ची-चे जोडतो आणि मोकळे होतो, त्यामुळे पोरांना हा वरचा स्वल्पविराम म्हणजे उगाचचा ताप वाटतो. एकदा शिकवला की पुढचा आठवडाभर दिसेल त्या एसच्या आधी तो घालतात. एकानं तर 'बस'लाही सोडलं नव्हतं. शहरात तरी काय वेगळं आहे? कपड्यांच्या दुकानाची पाटी असो की वाढदिवसाचा फ्लेक्स, जिथं नको तिथं ते चिन्ह हमखास असतं. आमच्या कॉलनीजवळच्या फ्लेक्सवाल्याशी मी त्यावरून एकदा भांडलेही. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तेवढ्यापायी कुणाचं गिऱ्हाईक माघारी गेल्यालं मी बगितलं न्हाय." मी तणतणत घरी आले होते. अशा गोष्टींसाठी मी तणतणायची, यावरून तेव्हा माझं आयुष्य किती सुखाचं होतं ते कळेल.

तर हा धडा शिकवायला मी 'वस्तूंचा तास' काढला होता. आठवीच्या पोरांनी घरातल्या कुणाचीही एक वस्तू आणायची, टेबलावर ठेवायची आणि पुढे इंग्रजीत चिठ्ठी लावायची, वस्तू कुणाची ते. पोरं उत्साहानं आणायची. वडिलांचा चष्मा, आजोबांची काठी, काकाची शिट्टी, दादाची बॅट. एकदा एकानं आजोबांची कवळी डब्यातून आणली होती आणि ते बिचारे दिवसभर घरात तोंडावर टॉवेल धरून बसले होते. वर्ग हसून लोळायचा आणि स्वल्पविराम बरोबर जागी बसायचा.

काही वर्षांनी माझ्या लक्षात आलं की टेबलावर बायकांचं काहीच नसतं. कुणी आईची वस्तू आणलीच तर ती उलथनं असायची, खुरपं असायचं. आणि लगेच कुणीतरी म्हणायचं, "बाई, त्ये घरातलं हाय, आमच्यात आजीबी तसलंच वापरती." खरंच होतं ते. चष्मा वडिलांचा असतो, पण उलथनं घराचं असतं. हे मला दिसलं आणि मी स्वतःवरच खूश झाले. वाटलं, आपण व्याकरणापलीकडचं काहीतरी शिकवू शकतो. तिथंच माझं चुकायला सुरुवात झाली.

दोन वर्षांपूर्वी महिला दिनाच्या आदल्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी सगळ्यांना उपक्रम सुचवायला सांगितलं. मी म्हटलं, आठवीचा वस्तूंचा तास पुन्हा घेते, उजळणी होईल. फक्त या वेळी अट घालते. घरातल्या बाईची वस्तू आणायची, आणि ती फक्त तिचीच हवी. दुसरं कुणी वापरत असेल तर चालणार नाही. सर म्हणाले, "झकास. फोटो तेवढा ग्रुपवर टाका बाई, वर पाठवायचाय."

फोटो काढणं आम्हा शिक्षकांच्या आता अंगवळणी पडलं आहे. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. फोटो नसेल तर उपक्रम झालाच नाही असं समजतात. कोरोनाच्या काळात प्रत्येक वर्गाचा पालकांचा ग्रुप केला होता, तो तसाच राहिला. घरटी एक नंबर घेतला होता आणि तो अर्थातच वडिलांचा.

वर्गात मी अट सांगितली तेव्हा पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एका मुलानं विचारलं, "बाई, आईची एकटीची म्हंजी कसली?" मी म्हटलं, "शोध की. सापडेल." काय तो माझा आत्मविश्वास. त्या दिवशी घरी गेल्यावर मी माझी स्वतःची अशी वस्तू शोधून बघितली असती तरी मला शहाणपण आलं असतं. पण शिकवणाऱ्यानं गृहपाठ करायचा नसतो.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला इथं बारकीच म्हणते, घरीही तिला तेच म्हणायचे. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, गोल गोल अक्षर आणि बोलायची भारी हौस. तिची थोरली बहीणही माझीच विद्यार्थिनी. थोरली आमच्या शाळेतून दहावीला पहिली आली होती आणि आता वारणानगरला कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सकाळी अंधारात उठून, म्हशीचं बघून, पहिली गाडी धरून ती जायची. अधूनमधून रस्त्यात भेटली की थांबून बोलायची. "बाई, एम.एस्सी.ला शिवाजी विद्यापीठात नंबर लावायचा हाय," असं तिनं मला सांगितलं होतं, आणि मी "लागणारच" म्हटलं होतं. त्या घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. तिला मात्र वडील पाठवत होते, भावकीत चार जण नावं ठेवत असूनही पाठवत होते. म्हैस, थोडी शेती, डेअरीला दूध, असं साधं घर.

उपक्रमाच्या दिवशी टेबलावर जे जमलं ते आठवलं की अजून कसंतरी होतं. मशेरीची डबी. तुटलेला कंगवा. एका मुलीनं आईचं आधार कार्ड आणलं होतं, कारण त्यावर आईचा फोटो आहे म्हणून ते तिचंच. दोन पोरं काहीच न आणता उभी होती. आणि बारकीनं दप्तरातून मोबाईल काढला. जुना, एका कोपऱ्यात काच तडकलेला. ऐटीत म्हणाली, "बाई, ह्यो फक्त ताईचाच हाय. दुसरं कुणीच वापरत न्हाय."

मी खूश झाले. खरं तर कुणालाही प्रश्न पडला असता अशी ती गोष्ट होती. घरात मोबाईल फक्त वडिलांकडे असतो हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या हातात मोबाईल दिसला की गावात काय बोलतात तेही माहीत होतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं की एका मुलीला अट कळली. तिनं चिठ्ठी लिहिली, 'माय सिस्टर्स मोबाईल'. स्वल्पविराम अगदी जागच्या जागी. मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. तिला मोबाईल आणि चिठ्ठी हातात धरून मधोमध उभं केलं आणि फोटो काढला. दुपारच्या सुट्टीत तो ग्रुपवर टाकला. सरांनी टाळ्यांचं चित्र पाठवलं, पालकांचे अंगठे आले.

संध्याकाळी मी कोल्हापुरात मंडईत मेथी निवडत होते तेव्हा फोन वाजला. बारकीचे वडील होते. आवाज नेहमीसारखाच, अदबीचा.

"बाई, त्रास देतोय. त्यो फोटोतला मोबाईल तुमचाच हाय न्हवं?"

मला वाटलं, बिचारा घाबरला असेल की आपल्या पोरीनं बाईंची महागडी वस्तू हाताळली, काही मोडलं-बिडलं तर. मी हसले. म्हटलं, "माझा कुठला? थोरलीचा आहे तो. काळजी करू नका, बारकीच्या दप्तरात व्यवस्थित घालूनच पाठवलाय."

 मग ते म्हणाले, "बरं बरं. ठेवतो बाई."

मी मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि घरी आले. नवऱ्याला सांगितलंही, की बघ, पालक किती लक्ष देऊन फोटो बघतात.

दुसऱ्या दिवशी बारकी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी आली ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मी विचारलं, बरं नव्हतं का, तर मान हलवली. मधल्या सुट्टीत आमच्या शिपाईमावशींनी मला बाजूला घेतलं. मावशी त्याच गल्लीत राहतात. म्हणाल्या, "बाई, थोरलीचं कालिज बंद केलं. पोरीजवळ चोरून मोबाईल गावला म्हणं. घरात लई तमाशा झाला. बाऽनं मोबाईल दगडानं ठेचला."

 मग पहिली गोष्ट केली ती म्हणजे ग्रुप उघडून तो फोटो पुसायला गेले. सगळ्यांच्या मोबाईलमधून पुसायची वेळ कधीच निघून गेली होती. फोटो तिथंच होता, खाली अंगठे होते.

शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. बैठकीत सतरंजी टाकली, चहा सांगितला. वडील समोर भिंतीला टेकून बसले होते. माझ्यावर राग असेल अशी माझी तयारी होती, पण तो माणूस हात जोडून म्हणाला, "बाई, तुमचं लई उपकार झालं. फोटो टाकलासा म्हणून कळलं, न्हायतर आमी अंधारातच हुतो."

मी समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, कॉलेजचे सगळे तास, नोट्स हल्ली मोबाईलवरच येतात. म्हटलं, पोरगी हुशार आहे, एक वर्षच राहिलंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हुशार हाय म्हणूनच भ्या वाटतंय. फोटो बगून पयला फोन भावकीतल्यानं केला, पोरीला मोबाईल घिऊन दिलास व्हय म्हणून. आता मी कुणाकुणाचं त्वांड धरू?" त्या मोबाईलवर थोरली कुणाशी बोलत होती, असा कुणी मुलगा होता की नव्हता, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही. अख्खं गाव तेवढंच विचारत होतं.

थोरली दिसली नाही. आत गेले तर तिची आई चुलीपुढं होती. मला बघून तिनं पदरानं डोळे टिपले आणि हळू आवाजात बोलायला लागली. "बारकी आदी माझ्याकडंच आलती बाई. आई, तुझं काय निऊ, फक्त तुझंच पायजे म्हणत हुती. मी म्हटलं, माझं काय हाय? ताईचं बग जा. ताई तर परीक्षेला गेलती. पोरीनं वाकळत हात घातला." त्या दिवशी थोरलीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. आत मोबाईल नेऊ देत नाहीत, म्हणून तिनं तो घरी अंथरुणातल्या वाकळेच्या घडीत ठेवला होता. रोज तो तिच्याबरोबरच असायचा. रात्री अभ्यासाला ती बारकीलाही त्यावर काहीबाही दाखवायची, आणि बारकीनं कधी कुणाला एक शब्द सांगितला नव्हता. शाळेत बाईंना दाखवणं म्हणजे कुणाला सांगणं, असं तिला वाटलंच नव्हतं.

थोरलीचं लग्न त्याच मे महिन्यात झालं. स्थळ नेसरीकडचं, शेतीवाडीचं घर, मुलगा चांगला आहे असं सगळे म्हणत होते. मी गेले. न जाण्याचं धैर्यही माझ्यात नव्हतं. अक्षता टाकल्या, भेट दिली, पंगतीला बसले. थोरलीनं वाकून नमस्कार केला. बारकी हिरव्या परकर-पोलक्यात खांबाला टेकून उभी होती. तिच्या आत्यानं येता-जाता तिच्याकडं बघून म्हटलं, "हिच्यामुळं वाचलो बाई आपण." बारकीनं खाली बघितलं. मी ते ऐकलं आणि ताटातली जिलेबी मोडत राहिले.

त्यानंतरचं दीड वर्ष मी स्वतःची समजूत घालण्यात काढलं. त्यात मी हुशार आहे. फोटो टाकायला सरांनी सांगितलं होतं. चिठ्ठी बारकीनंच लिहिली होती. मला फोन येण्याआधीच भावकीतल्यानं वडिलांना सांगितलं होतं. चिठ्ठीवर ढळढळीत लिहिलेलं असताना वडिलांना सगळं कळलंच होतं. त्यांनी मला विचारलं ते नुसतं खात्री करायला, आणि मी खोटं बोलायला हवं होतं का? नवराही तेच म्हणाला. "तू जे खरं ते सांगितलंस. त्यात तुझी काय चूक?" हे वाक्य मी औषधाच्या गोळीसारखं रोज घेत होते. दोष दहा जणांत वाटला की एकेकाच्या वाट्याला फार येत नाही.

वस्तूंचा तास मी बंद केला. फळ्यावर दहा वाक्यं लिहून देते, रिकाम्या जागा भरा. पोरांचे स्वल्पविराम पुन्हा वाटेल तिथं पडायला लागलेत. मला आता त्याचं काही वाटत नाही.

बारकी नववीत गेली, दहावीत आली. दोन वर्षं मीच तिची वर्गशिक्षिका. बोलायची हौस असलेली ती मुलगी आता विचारल्याशिवाय बोलत नाही. निबंधात घरचं काही लिहायचं असेल तर तेवढा प्रश्न सोडते. एकदा 'माझी बहीण' असा विषय आला तर तिनं जणू आपल्याला बहीणच नाही असा दुसराच विषय घेतला. मी लाल पेन हातात धरून त्या पानाकडं बघत बसले.

या दिवाळीच्या सुट्टीत मी कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडवर गडहिंग्लजच्या गाडीजवळून जात होते. मागून कुणीतरी "बाई" म्हणून हाक मारली. थोरली होती. कडेवर सात-आठ महिन्यांचं मूल, खांद्याला पिशवी. माहेरी येऊन परत निघाली होती, नवरा पाण्याची बाटली आणायला गेला होता. तिनं मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. मी बरी आहेस का विचारलं, ती बरी आहे म्हणाली. घरची माणसं चांगली आहेत, सासू जीव लावते, सगळे अक्का म्हणतात. मी विचारलं, पुढचं वर्ष बाहेरून करता येईल का. ती म्हणाली, "बगू की," आणि हसली. ते हसणं मला ओळखू आलं. वर्गात पोरांना काही कळलं नाही की ती असं हसतात.

मग मला राहवलं नाही. दीड वर्ष घोकलेलं सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, "तो फोटो मी टाकायला नको होता. चिठ्ठी वाचून तुझ्या वडिलांना कळलं. मला फार वाईट वाटतं गं."

तिनं माझ्याकडं जरा आश्चर्यानं बघितलं. म्हणाली, "बाई, आबांना इंग्रजी वाचता येतंय कुठं?"

मी विचारलं, मग कळलं कसं.

"भावकीतल्या तात्याचा फोन आला तवा आबांनी फोटो उघडला. मी नुकतीच कालिजातनं आलते. बारकी डेअरीला दूध घालायला गेलती. मला हाक मारली आन् म्हणले, ह्या चिठ्ठीवर काय लिवलंय, वाच. मी बगितलं तर माझाच मोबाईल." ती मुलाच्या टोपीची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. "मी म्हटलं, आबा, बाईंचा मोबाईल असं लिवलंय. बाईंनी धरायला दिलाय फोटोपुरता. त्यांना पटलं, बाई. खरंच पटलं हुतं. म्हणले, मंग तात्याला तसं सांगतो. पर त्याच्या आदी एकडाव बाईंनाच इचारतो, म्हंजी त्याचं त्वांड बंद हुईल."

स्टँडवर गाड्यांची नावं पुकारत होते. मला भुदरगड, गारगोटी असं काहीतरी ऐकू येत होतं.

"मला भ्या न्हवतं वाटलं," ती म्हणाली. "म्हटलं, बाईंना इचारलं म्हंजी झालं. बाई सांभाळून घेतील."

"मला कळवायचंस तरी," मी म्हटलं. माझ्या तोंडून हे आलं.

"कशानं कळवू, बाई? फोन आबांच्या हातात हुता."

ती हे टोचून बोलली नाही. जे झालं ते सांगावं तसं सांगितलं. मी मंडईत उभी राहून हसत काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवलं. तो माणूस मला हो म्हणायची जागा देऊन विचारत होता. तुमचाच हाय न्हवं? नुसतं "हो" म्हटलं असतं तर ती त्या दिवशीही आणि पुढच्याही दिवशी पहिल्या गाडीनं वारणानगरला गेली असती. भावकी, सर, चिठ्ठी, फोटो, या सगळ्यांतून ती वाचली होती. एका वाक्यानं स्वतःला सोडवलं होतं तिनं, आणि ते वाक्य माझ्या भरवशावर उभं होतं. मी ते पाडलं आणि मेथी घेऊन घरी गेले.

नवरा बाटली घेऊन आला. तिनं माझी ओळख करून दिली, "ह्या आमच्या इंग्रजीच्या बाई." तो हात जोडून हसला, गाडीत जागा धरायला चढला. तिनं पिशवी त्याच्याकडं दिली आणि मागं वळून म्हणाली, "बाई, एक काम कराल? बारकीला वाटतंय तिच्यामुळंच सगळं झालं. मी लई सांगितलं, पर तिला वाटतं मी समजूत काढतीय. माझ्याशी फोनवर धड बोलत न्हाय ती, रडती. तुम्ही सांगा तिला. तुम्ही सांगितलं म्हंजी तिला पटंल."

मी "सांगते" म्हटलं. गाडी सुटली.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "तुला माहीत असतं तर तू खोटं बोलली असतीस?" बोलले असते. एका क्षणाचाही विचार न करता बोलले असते. पण आयुष्यभर खरं बोला म्हणून शिकवणारी बाई त्या मुलीसाठी खोटं बोलेल, असं त्या मुलीला वाटलं. मला मात्र तिच्या घराकडं एवढंही नीट बघता आलं नाही, की तिथं तो मोबाईल कुणाचा असू शकतो आणि कुणाचा असू शकत नाही. ज्या टेबलावर बायकांचं काही नसतं हे मलाच दिसलं होतं, त्याच टेबलावर मी तिची एकुलती एक वस्तू सगळ्यांना दाखवायला मांडली.

सुट्टीनंतर शाळा सुरू होऊन आता महिना झाला. दहावीची पोरं फेब्रुवारीत शाळेतून जातील, म्हणजे माझ्याकडं फार दिवस नाहीत. पहिल्या दिवशी मी ठरवून गेले होते. मधल्या सुट्टीत बारकीला थांबवलं. ती दप्तराचा पट्टा धरून उभी राहिली. मी म्हटलं, "ताई भेटली होती मला." तिचा चेहरा असा झाला की मी पुढे म्हटलं, "बाळ गोड आहे." ती "व्हय बाई" म्हणाली. मी अभ्यास कसा चाललाय विचारलं आणि तिला जाऊ दिलं.

तिला सांगायचं म्हणजे तिच्या मनातून ते ओझं काढून माझ्यावर घ्यायचं, एवढंच आहे. ती पंधरा वर्षांची पोर दोन वर्षं ते एकटी उचलते आहे, आणि मी साठीला आलेली बाई. तिनं माझ्याकडं बघावं आणि तिला कळावं की टाळ्या वाजवायला लावणाऱ्या बाईंनीच हे केलं, याची मला भीती वाटते. थोरलीनं मला माफ केलं असेल, पण मागितलं ते एकच काम, आणि तेवढंही माझ्याकडून होत नाही.

रोज सकाळी हजेरी घेते. तिचं नाव आलं की ती शेवटच्या बाकावरून हळूच "येस बाई" म्हणते. मी वर बघत नाही. पी लिहिते आणि पुढचं नाव घेते.